तेल कुठे घालायचं, कुठे नाही

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वंगणावर लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं, की घर्षणाबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. पत्रं आणि फोनवरचे निरोप मिळून चांगला गठ्ठा जमला. सगळ्यांना इथे जागा देता येत नाही. निवडताना एकच पथ्य पाळलं आहे : ज्या प्रश्नाच्या उत्तरावर कुणाचा जीव अवलंबून आहे तो आधी. माझी नोकरी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात गेली, तीही कराड–चिपळूण रस्त्याच्या अंगाने. त्यामुळे उदाहरणं बरीचशी याच मुलखातली येतील.

प्रश्न : माझे ट्रक कराड–चिपळूण फेऱ्या करतात. कुंभार्ली घाट उतरताना ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करतात, डिझेल वाचतं म्हणतात. मला धास्ती वाटते, पण ते ऐकत नाहीत. त्यांना पटेल असं काही सांगा. (ट्रकमालक, पाटण)

तुमची धास्ती रास्त आहे. पण ड्रायव्हरला पटवायचं तर सुरुवात डिझेलपासूनच करा, कारण तो अडून बसलाय तिथे.

आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिनाला डिझेल जाणं बंद होतं. उतारावर चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केलं की चाकांची आणि इंजिनाची फारकत झाली. मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला स्वतःपुरतं डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे ज्या डिझेलसाठी हा सगळा खटाटोप, ते न्यूट्रलमध्येच जास्त जळतं.

याहून वाईट म्हणजे काही जण इंजिनच बंद करतात. एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद झालं की टाकीत असेल तेवढीच हवा. ब्रेक दाबावा तसतशी ती संपत जाते. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. घाटातल्या वळणांवर हे दोन्ही एकदम गेलं तर काय होतं, ते घाटात राहणाऱ्यांनी पाहिलेलं आहे.

आता ब्रेकचं. हा हिशेब ड्रायव्हरसमोर कागदावर मांडा. भरलेला ट्रक १६ टनांचा धरू आणि घाटमाथा ते पायथा ही उंची ५०० मीटर. ट्रक खाली येऊन उभा राहिला म्हणजे सुमारे ७८ मेगाज्यूल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरली. ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. एवढ्या उष्णतेत अडीचशे लिटर पाणी उकळी फुटायच्या बेताला येईल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन अंगावर घेतं आणि ते सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेर टाकतं. थोडा वाटा हवा आणि टायर घेतात. न्यूट्रलमध्ये इंजिन या कामातून सुटतं आणि जवळपास सगळा भार ब्रेकच्या ड्रमांवर पडतो.

शिकाऊ मुलांना मी दोन लायनर, म्हणजे ब्रेकच्या शूवर बसवलेल्या आणि ड्रमला घासणाऱ्या पट्ट्या, हातात द्यायचो. एक चांगला, एक घाटात जळालेला. चांगल्याचा पृष्ठभाग मळकट, खरखरीत असतो. नख फिरवलं तर अडतं. जळालेला काचेसारखा चकाकतो, नख त्यावरून सटकतं, आणि रिबिटांच्या भोकांपाशी बारीक तडे गेलेले दिसतात. त्याचा जोडीदार ड्रम बघितला तर आत निळसर डाग असतात. लायनरमधले तंतू आणि भुकट्या राळेसारख्या पदार्थाने बांधलेल्या असतात. प्रमाणाबाहेर तापलं की ती राळ जळायला लागते, लायनर आणि ड्रम यांच्यामधलं घर्षण घटतं. त्याच वेळी ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब सरकतो. पाय तेवढाच दाबतो, गाडी मात्र थांबत नाही. ब्रेक ‘फेल’ झाला असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा मोडलेलं काहीच नसतं. घर्षण संपलेलं असतं.

म्हणून : ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो गिअर उतार लागण्याआधी टाका. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) असेल तर तो वापरा. पॅडलवर पाय ठेवून तसंच रगडत नेऊ नका. नीट दाबून वेग उतरवा आणि पाय काढा, म्हणजे ड्रमला निवायला सवड मिळते. जळका उग्र वास आला किंवा ब्रेक कमी लागतोय असं वाटलं, तर रुंद जागा बघून थांबा, चाकाखाली दगड लावा. ड्रमवर पाणी ओतू नका, त्याचं बीड (ओतीव लोखंड) तडकतं.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या मोटारींसाठी एक जोड. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ प्रतीचं ताजं तेल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. तेच पाणी शोषलेलं असलं तर १४० अंशांनाही उकळू शकतं. घाटात ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल फुसकं होतं. कोकणातल्या हवेत तर दोन वर्षांनी ते तेल बदलाच.

प्रश्न : स्कूटरचा पुढचा डिस्क ब्रेक करकरतो. दाराची बिजागरी तेलाने गप्प झाली, तशी इथेही दोन थेंबांत गप्प होईल का? (नोकरदार वाचक, इचलकरंजी)

नाही. एक थेंबही नाही. कृपा करून घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

आवाजाचं मूळ दोन्हीकडे एकच आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून थांबलेले असताना त्यांना हलवायला जास्त जोर लागतो. एकदा सरकायला लागले की कमी लागतो. त्यामुळे संथ गतीत ते अडकतात, सुटतात, परत अडकतात. सेकंदाला शेकडो वेळा असं झालं की धातू थरथरतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. सारंगीचा गज तारेवर हेच करतो. म्हणून तर वादक गजाला राळ चोळतो : तारेला धरून ठेवेल आणि मग सोडेल, असं घर्षण त्याला हवं असतं.

बिजागरीला घर्षणाची गरज नाही, तिथे तेल घाला आणि विसरून जा. ब्रेकला मात्र घर्षणाशिवाय दुसरं कामच नाही. डिस्कवर पडलेलं तेल पॅड पिऊन घेतं, आणि पुसून ते जात नाही. दुसऱ्या दिवशी समोर मूल आडवं आलं की ब्रेक लागत नाही. माझ्या पाहण्यात तेलाचा डबा दाखवून ‘आवाज घालवून देतो’ म्हणणारे लोक आहेत, आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण आवाज गेल्यावर माणूस निर्धास्त होतो.

करायचं ते असं. आधी पॅडची जाडी बघून घ्या. संपत आला असेल तर मागचा लोखंडी पत्रा डिस्कला घासत असेल. पॅड जाड असेल तर धूळ किंवा पावसाचा गंज असेल. ब्रेक क्लीनरने डिस्क स्वच्छ करा, स्वच्छ फडक्याने पुसा. साखळीची मोटरसायकल कुणाकडे असेल तर साखळीला तेल देताना डिस्क आणि टायर झाकून घ्या, कारण चाक फिरलं की तेल उडतं. आणि कुणी आधीच ब्रेकवर तेल घातलं असेल तर पॅड बदलाच. पॅडचा खर्च फार नाही.

प्रश्न : बँकेत नोटा मोजताना आम्ही ओल्या स्पंजवर बोट टेकवायचो, की नोट झटकन सुटायची. तेच पाणी फरशीवर सांडलं की पाय घसरतो. पाणी घर्षण वाढवतं की कमी करतं? (निवृत्त रोखपाल, रत्नागिरी)

फार नेमका प्रश्न विचारलात. उत्तर पाण्याच्या मापात आहे.

दोन पृष्ठभाग आपल्याला सबंध टेकलेले वाटतात, पण बारकाईने पाहिलं तर ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकलेले असतात. खरा स्पर्श दिसतो त्याच्या कितीतरी कमी जागेत असतो. कोरडं, विशेषतः उतारवयातलं बोट कडक असतं, नोटेला थोड्याच ठिकाणी टेकतं. किंचित ओल मिळाली की कातडी मऊ होते, जास्त ठिकाणी टेकते, घर्षण वाढतं. तेच पाणी इतकं झालं की त्याचा सलग थर बनला, तर तो थर दोन पृष्ठभागांना एकमेकांपासून उचलून धरतो. मग पाय फरशीवर नसतो, पाण्यावर असतो.

रस्त्यावरही हेच. कोरड्या डांबरावर ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर त्याच गाडीला २५ मीटर लागू शकतात. टायरच्या नक्षीचं काम हे पाणी बाजूला काढणं, दुसरं काही नाही. मोटारीच्या टायरच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात, ते नक्षीच्या पातळीला आले म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली. टायर बदलायची वेळ झाली. सगळ्यात वाईट असतो पहिला पाऊस. उन्हाळाभर सांडलेलं तेल, टायरची भुकटी आणि धूळ यांचा पातळ रेंदा होतो. दणकून पाऊस पडला की तो वाहून जातो, पण पहिली रिपरिप सुरू असताना दुचाकी काढू नये.

वाळूची गोष्ट उलटी आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूत पाय रुततो, पण लाट नुकती ओसरलेल्या पट्ट्यावर माणूस झपाझप चालतो. किंचित पाणी कणांना एकमेकांशी बांधतं. इजिप्तमध्ये सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीच्या जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे : त्याचा प्रचंड पुतळा घसरगाडीवर ठेवून माणसं ओढताहेत आणि गाडीच्या पुढच्या टोकावर उभा असलेला एक जण समोरच्या वाळूवर पाणी ओततोय. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४मध्ये हे करून पाहिलं. योग्य मापात पाणी घातलं की ओढायला निम्माच जोर लागतो, कारण घसरगाडीपुढे वाळूचा ढीग साचत नाही. पाणी जास्त झालं की फायदा जातो.

तुम्ही रत्नागिरीचे, म्हणून अंगणाबद्दल लिहितो. श्रावणात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ येतं आणि घरातली म्हातारी माणसं पडतात. शेवाळ काथ्याच्या ब्रशने खरवडून काढा, जाण्यायेण्याच्या वाटेवर झावळ्या अंथरा. आपल्याकडची ही जुनी पद्धत मला बाजारातल्या कुठल्याही रबरी मॅटपेक्षा भरवशाची वाटते, कारण पाणी खाली झिरपतं आणि पाय पात्यांवर अडतो.

प्रश्न : सर, पुस्तकात घर्षण कमी करायचे उपाय आहेत. घर्षण शून्य झालं तर चालता येणार नाही, हे बाईंनी सांगितलं. अजून काय होईल? (इयत्ता नववी, कडेगाव)

चालण्यापर्यंत जायलाच नको बेटा, आधी अंगावरच्या कपड्यांचं काय होईल ते बघ.

आजी देवाची वात वळते तेव्हा तिच्याकडून कापसाचा एक पुंजका माग. दोन्ही टोकं धरून हळू ओढ : काही न तुटता तो मधोमध विरळ होत जातो आणि दोन भाग होतात. आता तसाच दुसरा पुंजका घे, तळहातावर घट्ट पीळ दे आणि मग ओढ. आता तो दाद देत नाही. कापूस तोच, तंतूही तेवढेच. चांगल्या लांब धाग्याच्या कापसाचा एक तंतू तीन सेंटिमीटरच्या आसपास असतो. असे आखूड तंतू एकमेकांना गाठी न मारता, न चिकटवता आठ मीटरच्या नऊवारीचा धागा होतात, ते कशाच्या बळावर? पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात, दाब वाढला की घर्षण वाढतं, आणि जितकं ओढावं तितका पीळ आणखी आवळतो. घर्षण नसतं तर सुती धागा उरला नसता. रेशमाचा तंतू मुळातच शेकडो मीटर लांब असतो, पण त्याची वीणही घर्षणावरच टिकते. गोधडीचा टाका, पायजम्याची नाडी, दप्तराची गाठ, सगळं सुटेल.

मग नट-बोल्ट. बोल्टवरचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतारच. १० मिलिमीटरच्या साध्या बोल्टाचा हा उतार जेमतेम तीन अंशांचा असतो. इतक्या कमी उतारावरून नट आपण होऊन घसरत नाही, घर्षण त्याला धरून ठेवतं. घर्षण गेलं तर तुझी सायकल, घरचा पंखा, वर्गातला बाक, सगळ्यांचे नट फिरून खाली पडतील. भिंतीतला खिळाही बाहेर येईल.

पुस्तकात ‘कमी करण्याचे उपाय’ आहेत तसे ‘वाढवण्याचे उपाय’ही वहीत लिहून काढ. टाकी लावलेला पाटा, खडबडीत पायरी, चपलेचा तळवा, बॅटच्या मुठीवरचं रबर. घरात शोधलंस तर यादी लांबेल.

प्रश्न : मुलगा मल्लखांब शिकतो. खांबाला एरंडेल चोळतात. खांब निसरडा करून मुलांना वर चढवणं धोक्याचं नाही का? (पालक, सातारा)

एरंडेल लावलं नाही तर ते धोक्याचं. कोरड्या लाकडावर उघडी कातडी जोराने घासली की सालटं निघतात, विशेषतः मांडीची आणि काखेची. शिवाय नको तिथे अंग अडतं. उडीनंतर मुलगा खांबाभोवती फिरत असताना मांडी मध्येच अडकली, तर तोल जातो.

एरंडेल खाद्यतेलांपेक्षा कितीतरी घट्ट असतं. खोबरेल लावलं असतं तर मुलगा सरळ खाली आला असता. एरंडेलाचा चिकट थर झटक्यात सुटत नाही, सावकाश सरकतो. मुलगा मांड्यांनी आवळून धरतो तेव्हा पकड मिळते आणि सैल सोडतो तेव्हा अंग वळतं. घर्षण किती हवं, ते मुलगा स्वतःच्या स्नायूंनी क्षणाक्षणाला ठरवतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं आयुष्य दिलं, तेव्हापासूनची ही जाण आहे. तुम्ही एवढंच बघा की तेल पातळ हाताने चोळलेलं आहे, ओघळत नाही, आणि खांबाखाली गादी आहे.

तालमीत याच्या उलट करतात. घामाने अंग निसटायला लागलं की पैलवान हौद्यातली माती स्वतःच्या आणि जोडीदाराच्या अंगावर टाकतात. घाम मातीत जिरतो, पकड परत येते. त्याच मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवलेली असते, म्हणजे पडल्यावर अंग खरचटू नये. पकड आणि कातडी दोन्ही राखणारी माती तयार करणं ही मोठी विद्या आहे.

प्रश्न : रूळ गुळगुळीत, चाकही गुळगुळीत. मग गाडी बोरघाट चढते कशी? (रोजचा प्रवासी, कर्जत)

घर्षण कमी आहे, पण इंजिनाचं वजन अफाट आहे, आणि एकूण पकड या दोन्हींवर ठरते. तरी बोरघाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर, रेल्वेच्या दृष्टीने फार उभा. म्हणून कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. पावसात रूळ ओले झाले की चाक जागच्या जागी फिरतं. त्यासाठी इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात, तिथून नळीने चाकासमोर वाळू सुटते. माथेरानची गाडी तर २० मीटरला १ मीटर चढते, तीही नुसत्या पकडीवर. निलगिरीच्या गाडीला १२ मीटरला १ मीटर असा चढ आहे. तिथे घर्षण पुरत नाही, म्हणून रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी बसवलेली आहे.

प्रश्न : कोयनेचे धक्के आम्ही लहानपणापासून अनुभवतो. त्याचा घर्षणाशी संबंध असतो असं वाचलं. तो कसा? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोयनानगर)

संबंध थेट आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा मी पाटण तालुक्यातच होतो, शाळेत शिकत होतो. दीडशेवर माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. त्यामुळे हा विषय मला नुसत्या कुतूहलाचा नाही.

जमिनीखालच्या खडकात जुने भेगांचे पृष्ठभाग असतात, त्यांना भ्रंश म्हणतात. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे खडक फार मोठ्या ताणाखाली एकमेकांना खेटून असतात. सरकायला बघतात, घर्षण त्यांना धरून ठेवतं. वर्षानुवर्षं ताण साठत जातो आणि घर्षणाच्या ताकदीपलीकडे गेला की खडक एकदम सरकतो. जड कपाट ढकलताना आधी कितीही जोर लावला तरी ते हलत नाही आणि मग एकदम हातभर पुढे जातं, तसंच. इचलकरंजीच्या प्रश्नात ब्रेकबद्दल जे अडकणं-सुटणं सांगितलं, तेच इथे काही किलोमीटर खोलीवर घडतं.

आता धरण. घर्षण दोन गोष्टींवर ठरतं : पृष्ठभाग कसे आहेत आणि ते एकमेकांवर किती दाबले गेलेत. कोयनेचा जलाशय १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला. जलाशयाचं पाणी भेगांमधून खोल उतरतं आणि तिथल्या पाण्याचा दाब वाढतो. हे दाबाखालचं पाणी दोन्ही खडकांना आतून थोडं अलग ढकलतं. खडकांचं वजन तेवढंच राहतं, पण एकमेकांवरचा परिणामी दाब घटतो, घर्षण घटतं, आणि जो ताण आजवर थोपला होता तो सुटतो. पाणी तिथे तेलाचं काम करतं असा समज आहे, तो बरोबर नाही. ते गुळगुळीत करत नाही, ते भार हलका करतं. ताणही पाण्याने निर्माण केलेला नाही, तो आधीपासूनच होता.

म्हणून जलाशयाची पातळी चढण्या-उतरण्याशी आपल्या भागातल्या धक्क्यांचा मेळ दिसतो. हे धक्के सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढ्याच पट्ट्यात, आणि बहुतेक दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीवर होतात. इतकी आटोपशीर जागा अभ्यासाला जगात क्वचितच मिळते. म्हणूनच कराडला भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडकांचे नमुने काढले गेले. तुला भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्र पुढे घ्यायचं असेल तर तिथे चौकशी कर. ज्या गावाने हे सोसलं, त्या गावातल्या मुलांनी त्याचा अभ्यास करावा असं मला फार वाटतं.

एवढ्या माहितीवरून पुढचा धक्का कधी, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. तसं सांगणारे निरोप फोनवर फिरतात, ते पुढे पाठवू नका. घराच्या भिंती एकमेकींना बांधणारा सिमेंटचा पट्टा आहे का ते बघा, उंच कपाटं भिंतीला स्क्रूने जखडून टाका.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी घर्षणाचा बिनखर्ची प्रयोग सुचवा. काडेपेटी आणि उतरती फळी दर वर्षी असते. (शिक्षिका, दापोली)

तुमच्या हर्णै बंदरावरच बघा. होडी बांधताना माणूस दोर खांबाभोवती दोन-तीन वेढे घेतो आणि सुटं टोक नुसतं हातात धरतो. लाटेने होडी ओढली तरी तो उभ्याने तिला थोपवतो. हेच वर्गात आणा.

एक जाड गोल लाकडी दांडा दोन बाकांच्या मध्ये आडवा, घट्ट बांधा. सुती दोर दांड्यावरून टाका. एका टोकाला पाण्याने भरलेली बादली बांधा, ती जमिनीपासून वीतभर वर राहील अशी. दुसऱ्या टोकाला पाण्याने भरलेला तांब्या. दोर नुसता वरून टाकला असेल तर बादली खाली येईल, तांब्या वर जाईल. आता दोराला दांड्याभोवती एक पूर्ण वेढा जास्त द्या. मग दुसरा. बादलीला तांब्या थोपवतो हे पाहून मुलं चकित होतात, आणि मोठी माणसं त्याहून जास्त.

यातलं गणित मुलांना जरूर दाखवा, कारण वेढ्यांमुळे पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. दोर आणि लाकूड यांचा घर्षणांक (घर्षणाचं दाबाशी प्रमाण) ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याला सुमारे साडेसहा पट, दोन वेढ्यांना सुमारे ४३ पट आणि तीन वेढ्यांना सुमारे २८६ पट भार थोपतो. म्हणजे १० किलोच्या ओढीने तीन वेढ्यांवर अडीच टनांहून जास्त भार अडवता येतो, दोर तेवढा मजबूत असला तर. दांडा किती जाड आहे याने यात फरक पडत नाही. मुलांना जाड आणि बारीक दोन्ही दांड्यांवर करून बघू द्या.

तांब्यात पाणी थोडं थोडं कमी करत जायचं आणि बादली सरकायला लागली की तांब्याचं वजन काट्यावर मोजायचं. वेढे आणि वजन यांचा तक्ता भिंतीवर लावा. मग तोच प्रयोग नायलॉनच्या दोरावर, आणि दोर भिजवून पुन्हा. बादलीखाली पोतं अंथरा आणि पाय लांब ठेवायला सांगा. वेढे कमी करताना बादली आधी जमिनीवर टेकवायची.